एकाच डोंगराची चार पिढ्यांची चित्रं: ॲलिस स्प्रिंग्ज ते न्तारिया, पाच दिवस

पहिला दिवस: कबर आणि नाट्यगृह

मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाकडे निघालेली मंडळी ॲलिस स्प्रिंग्जमध्ये एक रात्र काढतात आणि सकाळी पुढे सटकतात. अ‍ॅबोरिजिनल (तिथले मूळनिवासी) जलरंगचित्रकार अल्बर्ट नमाटजिरा आणि त्यांच्या घराण्याची चित्रं ज्या डोंगरांतून आली ते डोंगर पाहायचे तर इथेच पाच दिवस द्यावेत. मे ते ऑगस्ट हा काळ बरा. जूनमध्ये दुपारी वीस अंशांच्या आसपास छान ऊन असतं, पण पहाटे पारा शून्याजवळ जातो. 'वाळवंट म्हणजे उकाडा' असं धरून फक्त सुती कपडे घेऊन गेलेला माणूस पहिल्याच पहाटे कुडकुडतो.

सुरुवात शहराच्या दफनभूमीपासून केली. अल्बर्ट यांचा जन्म १९०२चा, इथून सव्वाशे किलोमीटरवरच्या हर्मन्सबर्ग या लुथेरन मिशनमधला. अल्बर्ट ज्यांच्यातले, त्या मूळनिवासी पश्चिम अरंडा लोकांचं त्या जागेचं नाव न्तारिया. आईवडिलांनी ठेवलेलं नाव एलिया. १९०५ साली घरच्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ते अल्बर्ट झाले. ८ ऑगस्ट १९५९ रोजी ते ॲलिस स्प्रिंग्जमध्ये वारले. थडग्यावर संगमरवर नाही, भाजलेल्या मातीचं भित्तिचित्र आहे. नात इलेन नमाटजिरा हिने ते घडवलं. आजोबांनी पुन्हापुन्हा रंगवलेल्या जागा तिने त्यात मातीत एकत्र आणल्या आहेत. ऊन तिरपं असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा चारनंतर गेलं तर मातीचे उठाव नीट दिसतात. भर दुपारी सगळं सपाट वाटतं.

दफनभूमीपासून अरालुएन कला केंद्र जवळच आहे. दालनात अल्बर्ट यांची मूळ जलरंगचित्रं आहेत आणि त्यांचे गुरू रेक्स बॅटरबी यांच्या संग्रहातली कामंही. शिवाय अरंडा चित्रकार वेंटेन रुबुंट्जा यांनी आखलेली रंगीत काचांची मोठी खिडकी आहे, तिच्यासमोर थांबावंच. दालनांतला उजेड मंद ठेवलेला असतो, कारण जलरंग प्रकाशाने फिके पडतात. डोळे सरावायला पाच मिनिटं द्या, मग चित्रातले जांभळे रंग दिसू लागतात.

याच इमारतीत पाचशे आसनांचं नाट्यगृह आहे, म्हणून नाटकाची गोष्ट इथेच सांगतो. 'बिग हार्ट' या संस्थेने 'नमाटजिरा' हे नाटक २०१० साली सिडनीच्या बेलव्हॉर स्ट्रीट थिएटरमध्ये आणलं. लेखन-दिग्दर्शन स्कॉट रँकिन यांचं. अल्बर्टची भूमिका ट्रेव्हर जेमिसन करायचे, बाकीच्या कितीतरी भूमिका, बायकांच्यासुद्धा, डेरिक लिंचकडे. जेमिसन स्वतः वाळवंटातल्या स्पिनिफेक्स या मूळनिवासी लोकांपैकी. ब्रिटिश अणुचाचण्यांमुळे आपल्या माणसांचा मुलूख कसा सुटला, हे त्यांनी आधीच्या एका नाटकातून मांडलं होतं. रंगमंचाची मागची बाजू काळी. नाटक चालू असताना नमाटजिरा घराण्यातले चित्रकार तिथे पांढऱ्या खडूने डोंगर काढत असायचे. आजोबांची गोष्ट नट पुढे सांगतोय, आणि नातवंडं मागे, प्रेक्षकांकडे पाठ करून, तोच डोंगर उभा करताहेत. जलरंग लांबच्या प्रेक्षकाला दिसत नाही, खडू दिसतो. शिवाय हातात ब्रश असो की खडू, डोंगराची रेघ त्यांना पाठ असते. नटसंचात नटांच्या जोडीला घरची माणसं बसवली, हे या नाटकाचं खरं बळ. कोणीतरी घराण्यावर नाटक केलं, असं ते राहिलं नाही.

नाटकाच्या फिरतीच्या जोडीने न्तारियात चित्रकलेच्या कार्यशाळा चालत आणि घराण्याच्या चित्रांची प्रदर्शनंही लागत. २०१३च्या अखेरीला नाटक लंडनला गेलं, तेव्हा लेनी आणि केविन ही नातवंडं बकिंगहॅम राजवाड्यात राणी एलिझाबेथना भेटली. अल्बर्ट स्वतः राणीला १९५४मध्ये कॅनबरात भेटले होते.

दुसरा दिवस: अनेक हात

'इल्टिया न्तारा' म्हणजे 'अनेक हात'. ॲलिस स्प्रिंग्जमधलं हे कला केंद्र पश्चिम अरंडा कलावंतांचं आहे आणि हर्मन्सबर्ग पद्धतीची जलरंगचित्रकला आज मुख्यतः इथे चालते. आठवड्याच्या कामाच्या दिवशी, सकाळी दहाच्या पुढे गेलं तर कलावंत टेबलांशी रंगवत बसलेले दिसतात. शनिवार-रविवार धरून बेत आखू नका. फोटो काढण्याआधी विचारायचं, आणि चित्राचा फोटो व माणसाचा फोटो या दोन वेगळ्या परवानग्या असतात. वारलेल्या माणसाचं नाव उच्चारू नये, छायाचित्र दाखवू नये, असा अनेक अ‍ॅबोरिजिनल समाजांत रिवाज आहे. अल्बर्ट यांचं नाव घरचे लोक उघडपणे घेतात, पण दुसऱ्या कुणाबद्दल बोलताना समोरचा काय म्हणतो ते आधी ऐकावं.

टेबलाशी बसून पाहिलं की कामाचा क्रम कळतो. जाड कागद, साधारण तीनशे जीएसएमचा (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम), कडांना टेप लावून फळीवर बसवलेला. आधी पेन्सिलीने डोंगरमाथ्याची रेघ, डावीकडून उजवीकडे, हात फारसा न उचलता. मग झाडाचं खोड. त्यानंतर वरून खाली आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, पण खोडाच्या रेघेपाशी ब्रश थांबतो. इथल्या घोस्ट गम या निलगिरीसारख्या झाडाच्या खोडाचा पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. त्यावर पांढरा रंग लावत नाहीत. आकाश वाळल्यावर लांबचे डोंगर, निळ्याकडून जांभळ्याकडे जाणारे. मग जवळचे उतार, गेरूच्या जातीच्या तांबड्या-पिवळ्या छटांत. शेवटी बारीक ब्रशने स्पिनिफेक्स गवताचे ठिपके, आणि खोडाच्या एका अंगाला पातळ निळसर सावली. सावली दोन्ही अंगांना गेली की खोड झाडाचं न वाटता पाइपसारखं दिसतं.

मुंबई-कोकणातल्या दमट हवेत वॉशवर हात बसलेल्या चित्रकाराची इथे फजिती होते. तिकडे वॉश ओला राहतो, कडा विरघळवायला सवड मिळते. इथल्या कोरड्या हवेत अर्धं आकाश भरेपर्यंत सुरुवातीची कड वाळून कडक बसते. घाईने तिच्यावर पुन्हा पाणी नेलं की फुलकोबीसारखे डाग उठतात. उपाय तीन. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून मग फळीवर ठेवा. पाण्याच्या वाटीत ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाका, त्याने रंग हळू वाळतो. जास्त पडलं तर तो चिकट राहतो आणि धूळ धरतो. आणि उन्हात बसू नका, कारण उन्हातल्या पांढऱ्या कागदावर रंगाची गडदता चुकीची जोखली जाते, घरी आल्यावर चित्र मळकट निघतं.

अल्बर्ट यांचं शिक्षण या मानाने फारच थोडं. आधी ते मुल्गा या बाभळीच्या जातीच्या लाकडावर तापल्या तारेने नक्षी जाळून विकायच्या वस्तू करत. १९३४ साली बॅटरबींनी मिशनमध्ये चित्रं मांडली ती त्यांनी पाहिली. १९३६ साली अल्बर्टनी बॅटरबींशी सौदा केला: मी तुमचे उंट हाकतो, तुम्ही मला रंग शिकवा. दोन सफरी, मिळून दोनेक महिने. डिसेंबर १९३८मध्ये मेलबर्नला पहिलं एकल प्रदर्शन लागलं, त्यातली सगळी ४१ चित्रं तीन दिवसांत विकली गेली.

पुढची बरीच वर्षं शहरी समीक्षकांनी या चित्रांना 'गोऱ्यांच्या पद्धतीची नक्कल' म्हणून बाजूला सारलं. यात समीक्षकांनीच निष्काळजीपणा केला, असं म्हणायला हरकत नाही. रंग पाश्चात्त्य पेटीतले होते, पण कुठला डोंगर काढायचा हे नात्याने ठरत होतं. आईचा मुलूख, वडिलांचा मुलूख, ज्या जागांची गाणी आणि कथा आपल्याकडे आहेत त्या जागा. मुलगे इनॉस, ऑस्कर, इवाल्ड, कीथ, मॉरिस हेही चित्रकार झाले, मग नातवंडं, मग पतवंडं. आज टेबलाशी बसलेल्या माणसाला "हा डोंगर का काढला?" असं विचारलं तर उत्तर बहुधा नात्यानेच सुरू होतं.

सगळी चित्रं शांत निसर्गाची नसतात. आपल्याकडे गावी जाताना भरतो तशा चौकडीच्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांवर इथल्या कलावंतांनी हेच डोंगर रंगवले आहेत. विषय: स्वतःच्याच भूमीवरचं बेघरपण.

खरेदी करायची असेल तर कला केंद्रातूनच करावी. चित्रासोबत प्रमाणपत्र मिळतं. त्यावर कलावंताचं नाव, चित्राचा क्रमांक आणि शक्यतो जागेचं नाव आहे ना ते बघा. चौकट न घेता चित्र सपाट पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून आणा. जाड कागद गुंडाळला की त्याला मोड पडू शकते. ऑस्ट्रेलियात २०१० पासून पुनर्विक्रीचा कायदा आहे: हजार डॉलर किंवा जास्त किमतीला चित्र पुन्हा विकलं गेलं तर ५ टक्के रक्कम कलावंताला किंवा वारसांना जाते.

नमाटजिरा घराण्याचा मोठा तंटा मात्र चित्रांच्या नकलांच्या हक्कांवरून झाला. १९५७ साली अल्बर्ट यांनी लेजंड प्रेस या प्रकाशकाशी करार केला, त्यात त्यांचा वाटा साडेबारा टक्के. निधनानंतर मालमत्ता सरकारी विश्वस्ताकडे गेली. १९८३ साली त्या कार्यालयाने संपूर्ण कॉपीराइट प्रकाशकाला ८,५०० डॉलरना विकून टाकला. पोस्टकार्ड, कॅलेंडर, पुस्तकं, कशातूनही घरच्यांना पुढे काही मिळेना. निधनानंतर पन्नास वर्षांचा जुना नियम राहिला असता तर हक्क २००९च्या अखेरीला संपले असते. २००५ पासून मुदत सत्तर वर्षांची झाली, म्हणून ते २०२९ अखेरपर्यंत जिवंत आहेत. नाटकातून उभ्या राहिलेल्या मोहिमेने नमाटजिरा लेगसी ट्रस्ट स्थापन केला. ऑक्टोबर २०१७मध्ये उद्योजक डिक स्मिथ मध्ये पडले. त्यांचे वडील एकेकाळी त्याच प्रकाशकाकडे नोकरीला होते. कॉपीराइट एका डॉलरला ट्रस्टकडे परत आला, आणि स्मिथ यांनी अडीच लाख डॉलरची देणगी दिली.

तिसरा दिवस: लारापिंटा रस्त्याने न्तारियाला

शहरापासून हर्मन्सबर्ग साधारण १२५ किलोमीटर, रस्ता डांबरी, साधी गाडी चालते. टाकी शहरातच भरा. माणशी चार-पाच लिटर पाणी बरोबर हवंच. शाकाहारी असाल तर दुपारच्या पोळ्या-भाजी शहरातून बांधून न्या. शहर सोडलं की थोड्याच वेळात मोबाइल मुका होतो, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या.

वाटेत एक जागा आता फक्त आठवणीपुरती उरली आहे. अल्बर्ट यांनी रंगवलेली घोस्ट गमची जुळी झाडं रस्त्यालगत होती. वारसा-यादीत त्यांची नोंद व्हायची तयारी चालली असतानाच, २०१३च्या सुरुवातीला ती जळालेली आढळली. आग लावली असावी असा संशय होता. चित्रातली झाडं शोधत येणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं.

हर्मन्सबर्ग येण्याआधी रस्त्याकडेला अल्बर्ट यांचं तांबड्या दगडाचं स्मारक आहे. वस्तीच्या वेशीवर सरकारी पाटी: मद्य आणण्यास बंदी. ही पाटी वाचून पुढे जाऊ नये, थांबावं. अल्बर्टच्या काळी नॉर्दर्न टेरिटरीतले (हा सगळा भाग त्याच प्रांतात येतो) बहुतेक सगळे अ‍ॅबोरिजिनल लोक कायद्याने सरकारचे 'पाल्य' होते. कुठे राहायचं, कुणाशी लग्न करायचं, यालाही अधिकाऱ्याची संमती. देशभर नाव झालेल्या अल्बर्टना ॲलिस स्प्रिंग्जमध्ये जमीन घेऊनही घर बांधू दिलं नाही. १९५७ साली त्यांना आणि पत्नी रुबिनांना या पालकत्वातून सूट मिळाली, म्हणजे मतदान करता येईल, दारू विकत घेता येईल. मुलं मात्र पाल्यच राहिली. आपल्याकडे जे आहे ते नात्यातल्यांत वाटून घ्यायचं, हा अरंडा रिवाज. आणि पाल्याला दारू देणं हा कायद्याने गुन्हा. १९५८ साली याच गुन्ह्यासाठी त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. अपिलात ती तीन महिन्यांवर आली आणि पापुन्या या वस्तीत दोन महिने त्यांनी ती भोगली. पुढच्या वर्षी ते गेले. नाटकाचा उत्तरार्ध या कायद्यातल्या विसंगतीवरच उभा आहे.

मिशनची स्थापना १८७७ची. चुन्याने रंगवलेल्या जाड भिंतींच्या इमारती आता संग्रहालय आहेत. मधलं जुनं चर्च १८९७चं. चहाच्या जागेत जर्मन पद्धतीचा सफरचंदाचा स्ट्रूडल मिळतो, दुपारी उशिरा संपलेला असतो. एक नळयोजनाही पाहण्यासारखी: १९२०च्या दशकाअखेरीच्या दुष्काळात इथे फार माणसं, विशेषतः मुलं दगावली. मग मेलबर्नच्या व्हायोलेट आणि ऊना टीग या बहिणींनी चित्रांचं प्रदर्शन भरवून पैसे उभे केले आणि १९३५ साली कापोरिल्या झऱ्याचं पाणी नळाने वस्तीत आलं. या गावात चित्रांनी पाणी आणलं, ते अल्बर्टनी ब्रश हातात धरण्याच्या एक वर्ष आधी.

'हर्मन्सबर्ग पॉटर्स' या इथल्या कुंभकलावंतांच्या गटाचं काम १९९० पासून चालू आहे. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून भांडं उभं करायचं, चाक नाही. वळ्यांचा सांधा आत-बाहेर दोन्हीकडून दाबला नाही तर भाजताना तिथेच फुटतं. झाकणावर पक्षी, सरडा, घोडा असं काहीतरी बसवतात. ते आतून पोकळ हवं, नाहीतर अडकलेल्या ओलीची वाफ होऊन तडकतं. भांड्याच्या अंगावर आपल्या मुलखाचं चित्र गोल फिरत जातं. जलरंगात डोंगररांगेला दोन टोकं असतात, इथे ती स्वतःला येऊन मिळते.

गावापासून पश्चिमेला काही किलोमीटरवर अल्बर्ट यांनी १९४०च्या दशकात बांधलेलं दोन खोल्यांचं दगडी घर आहे. आवार मोठं, घर लहान. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या चित्रकारांपैकी एकाचं हे घर आहे, हे बाहेर उभं राहून पटायला वेळ लागतो.

चौथा दिवस: रुचिपमा

आज नमाटजिरा ड्राइव्ह. लारापिंटा रस्त्यावर शहरापासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर उजवीकडे फाटा फुटतो. बाहेरच्या पर्यटकांना टेरिटरीच्या उद्यानांसाठी पास लागतो, तो ऑनलाइन आधीच काढा. स्टँडली चॅझम ही दरी खासगी मालकीची असल्याने तिथलं तिकीट वेगळं.

ओकर पिट्सपाशी नदीकाठची दरड पांढऱ्या, पिवळ्या, तांबड्या, जांभळट पट्ट्यांनी भरलेली आहे. हीच विधीसाठी वापरली जाणारी रंगमाती. तिला हात लावायचा नाही, चिमूटभरही उचलायची नाही; दंड आहे, आणि मुळात ती दुसऱ्याच्या देवघरातली आहे. इथून निघाल्यावर चित्रांतल्या तांबड्या-पिवळ्याकडे नजर वेगळी होते.

ग्लेन हेलनच्या पुढच्या टेकाडावरून माउंट सोंडर दिसतो. पश्चिम अरंडा नाव रुचिपमा, उंची १,३८० मीटर. आडवी निजलेली बाई असा आकार. अल्बर्ट, मुलगे, नातवंडं, सगळ्यांनी हा रंगवला. 'रंग अतिशयोक्त आहेत' हा आक्षेप इथे सूर्योदयाआधी अर्धा तास उभं राहून तपासता येतो. आधी सगळा डोंगर करडा-निळा. ऊन माथ्याला लागलं की तिथे गुलाबी, आणि खालच्या घड्या अजून जांभळ्या. वीस मिनिटांत गेरू. नऊनंतर रंग बसून जातो, म्हणून दुपारी आलेला पर्यटक चित्राला खोटं ठरवतो. रात्री हायवेवरून येणं धोक्याचं (कांगारू, मोकाट घोडे), तेव्हा ऑर्मिस्टन गॉर्जच्या तळावर मुक्काम करणं उत्तम.

२०२० साली हाच मुलूख रंगवलेल्या 'चोरिचा' या चित्राला निसर्गचित्रासाठीचं विन पारितोषिक मिळालं, चित्रकार ह्यूबर्ट पारेरूल्चा. त्याच दिवशी व्यक्तिचित्राचं आर्चिबाल्ड पारितोषिक अल्बर्टचे पणतू विन्सेंट नमाटजिरा यांना मिळालं. हे पारितोषिक मिळवणारे ते पहिले अ‍ॅबोरिजिनल कलावंत. १९५६ साली तेच आर्चिबाल्ड विल्यम डार्गी यांना मिळालं होतं, अल्बर्टचं व्यक्तिचित्र काढल्याबद्दल. तेव्हा नमाटजिरा समोर बसलेले होते, आता ब्रश त्यांच्या हातात होता.

पाचवा दिवस: पाम व्हॅली

शेवटचे सोळा किलोमीटर फिंक नदीच्या वाळू-खडकांच्या पात्रातून. उंच, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवीच. भाड्याच्या बऱ्याच गाड्यांचा विमा या रस्त्याला लागू होत नाही, करारनामा वाचा. वाळूत टायरची हवा कमी करावी लागते, म्हणून हवा भरायचा पंप बरोबर ठेवा. पावसानंतर रस्ता बंद होतो.

१९३६च्या उंटांच्या सफरींपैकी एक इथेच आली होती. या उंटांचे पूर्वज आपल्याच किनाऱ्यावरून गेलेले. १८६६ साली शंभराहून अधिक उंट कराचीहून दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरवले गेले, तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होतं. उंटवाल्यांना तिकडे सरसकट 'अफगाण' म्हणत; ॲलिस स्प्रिंग्जच्या 'घॅन' रेल्वेचं नाव त्यावरूनच.

घळीत लाल कोबी-ताडांची राई आहे. याच जातीचे ताड इथून शेकडो किलोमीटर उत्तरेला मटारांकाजवळ सापडतात. इथे ते पुरातन ओलसर काळाचे अवशेष म्हणून राहिले, असं बराच काळ मानलं जायचं. जनुकांच्या तपासणीत निघालं की दोन्हीकडचे ताड भूशास्त्राच्या मानाने अलीकडेच, साधारण पंधरा हजार वर्षांपूर्वी वेगळे झाले. बी माणसांनी आणलं असण्याची शक्यता मोठी. पाद्री कार्ल श्ट्रेलो यांनी १८९४ साली इथल्या लोकांकडून ऐकून एक कथा टिपून ठेवली होती: उत्तरेकडून आलेल्या देवांनी या ताडांचं बी आणलं.

छोटी पायवाट दोन किलोमीटरची, मोठी पाचची. मोठीला दोन तास धरा, आणि ताडांच्या मुळांवर पाय देऊ नका, लहान रोपं तिथेच उगवतात. परतताना पात्रातला भाग चारच्या आत पार करा. सूर्य समोर आला की वाळूतले खडक दिसत नाहीत.